शहाण्या बसला

हवालदारानं कुत्र्यासाठी घर बदललं, हे त्याच्या सासूबाईंना अजिबात पटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचं हवेशीर घर सोडून ही माणसं तळमजल्यावर राहायला आली, तेही कचऱ्याच्या डब्यांसमोर, आणि कारण काय, तर कुत्र्याला जिना चढवत नाही. "माझ्या गुडघ्यांसाठी कधी खाली आले नाहीत जावई," असं त्या फोनवर ज्याला त्याला सांगत होत्या. ते खरंही होतं.

पण घर बदलायची कल्पना हवालदाराची नव्हती, त्याच्या बायकोची होती. शहाण्या हा पोलिसातला कुत्रा. अमली पदार्थ हुंगून काढायचे, हे त्याचं काम, आणि त्याला घेऊन फिरायचं, हे हवालदाराचं. आता शहाण्याच्या मागच्या पायांचे सांधे गेले होते. शनिवारी तो निवृत्त होणार होता आणि निवृत्त कुत्रा सांभाळणाऱ्यानं घरी न्यायचा, अशी खात्याची पद्धत होती. बायकोनं जुन्या ब्लँकेटांची जाड गादी शिवून खिडकीखाली उन्हात टाकली होती. त्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून टीव्हीसुद्धा हलवला होता. मी घरी आलो की टीव्ही कुणी हलवत नाही, असं हवालदाराच्या मनात आलं, पण ते त्यानं मनातच ठेवलं.

शहाण्याचं बसणं दोन प्रकारचं होतं. माल सापडला की दोन्ही कान ताठ, शेपूट काठीसारखी, एक शिंक, आणि मग छाती पुढे काढून सरळ बैठक. भुंकायचं नाही, झेप घ्यायची नाही, नुसतं बसायचं, अशी त्याची तालीम होती. दुसरं बसणं अलीकडचं. त्यात तो सुस्कारा टाकायचा, डाव्या कुल्ह्यावर कलायचा, एक पाय बाजूला पसरायचा आणि जगाकडे पाठ फिरवल्यासारखा बघायचा. पहिलं बसणं हवालदारानं फक्त तालमीत पाहिलं होतं, कारण प्रत्यक्ष नोकरीत शहाण्याला कधी काही सापडलंच नाही. त्याच्या कामाच्या वेळा गावातल्या सगळ्या धंदेवाल्यांना तोंडपाठ होत्या. खरा माल सापडला की बक्षीस म्हणून एक पिवळा चेंडू द्यायचा, हा तालमीतला नियम. तो चेंडू हवालदाराच्या खिशात पडून पडून चपटा झाला होता. खोट्याला चेंडू द्यायचा नाही, दिला तर कुत्रा बिघडतो, हे त्यानं बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं, की चेंडू हा शब्द आला की ती उठून आत जायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात नवा कायदा आला.

कायदा साहेबांना फार आवडला. साहेब म्हणजे ठाण्याचे नवे प्रमुख. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि समजावून सांगितलं. "सार्वजनिक ठिकाणी कुत्रा ज्याच्यासमोर बसेल त्याच्यावर वाजवी संशय. वाजवी संशय आला की झडती. कारण सांगायची गरज नाही. कुत्रा हेच कारण."

"आणि झडतीला नाही म्हणाला तर?" कुणीतरी विचारलं.

"तर मग दोन संशय."

हवालदारानं हात वर केला. "साहेब, शहाण्या शनिवारी निवृत्त होतोय."

"आज कोणता वार आहे?"

"गुरुवार."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "चला रेल्वे स्टेशनवर."

स्टेशनातून बाहेर पडायचा रस्ता एका लांबलचक जिन्यानं खाली उतरतो. हवालदारानं शहाण्याला एकेक पायरी सांभाळून उतरवलं. खाली पोहोचेपर्यंत त्या बिचाऱ्याचे मागचे पाय लटपटायला लागले होते. जिन्याच्या पायथ्याशी शिवणकाम करणारी एक मावशी पिशवी खाली ठेवून, कठड्याला धरून दम खात उभी होती. शहाण्या तिच्यापर्यंत आला, त्यानं सुस्कारा टाकला, डावीकडे कलला, पाय पसरला आणि बसला.

"ऊठ रे बाळा," हवालदार पुटपुटला आणि त्यानं पट्टा हळूच ओढला.

"बसला!" मागून साहेब ओरडले. "पट्टा सोडा, हवालदार! पुराव्याला हात लावू नका!"

"साहेब, तो जरा..."

"मावशी, पिशवी उघडा."

"का म्हणून?" मावशीनं विचारलं.

"कुत्रा बसलाय."

"तो दमलाय हो. पाय बघा त्याचे. माझे गुडघे असेच झालेत, म्हणून तर मी पण इथंच थांबलेय. मला बसता येत नाही चारचौघात, एवढाच फरक."

"कुत्र्याच्या मनातलं आम्ही तुमच्याकडून ऐकून घेत नसतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी पिशवी स्वतः उघडली. आत कापडाचे तुकडे होते, दोऱ्याची रिळं होती आणि एक चांगला गरगरीत भोपळा होता. साहेबांनी भोपळा उचलला, कानाशी धरला आणि वाजवून पाहिला.

"हा आतून पोकळ आहे," ते म्हणाले.

"भोपळा आहे तो!"

"तेच म्हणतोय मी. सुरी आणा."

भर रस्त्यात भोपळा चिरला गेला. बघायला गर्दी जमली. आत बिया होत्या. साहेबांनी त्या बियाही वेगळ्या करून पाहिल्या. मावशी म्हणाली, "आता फोडी तरी नीट सारख्या करा, एवढं केलंय तर." लोक हसले.

पण गर्दीत मागे एक तरणाबांड पोरगा उभा होता, तो काही हसला नाही. पोलीस जर भोपळ्याच्या पोटात बघतात, तर माझ्या पाठीवरच्या पिशवीत बघायला त्यांना कितीसा वेळ लागणार, असा साधा हिशेब त्यानं केला असावा. त्यानं पिशवी जागच्या जागी टाकली आणि जी धूम ठोकली, ती थेट रुळांपलीकडे. पिशवीत पुड्याच पुड्या निघाल्या.

"पाहिलंत?" साहेबांचा चेहरा उजळला होता. "कुत्रा चुकत नाही!"

"अहो, पण तो माझ्यासमोर बसला होता," मावशी म्हणाली. "तो पोरगा तिकडे मागे होता."

"वास वळून येतो मावशी. वाऱ्यानं."

"इथं वारा कुठाय?"

साहेब पंचनाम्याला लागले. तपासाची सुरुवात भोपळ्यापासून झाल्यामुळे भोपळा मुद्देमाल ठरला. त्याच्या फोडी कापडात बांधून, वर लाख लावून, ठाण्याच्या कोठीत ठेवण्यात आल्या. मावशी दुसऱ्या दिवसापासून रोज ठाण्यात यायला लागली. "माझा भोपळा," एवढंच म्हणायची आणि बाकावर बसायची.

शुक्रवारी शहाण्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. शनिवारी त्याची निवृत्ती रद्द झाली.

"म्हणजे काय?" बायकोनं विचारलं. ती गादीवर नवी खोळ चढवत होती.

"मुदतवाढ मिळाली. साहेब म्हणाले, हिरा आहे हिरा."

"कुणी मागितली होती?"

"अगं, मी कशाला मागू?"

"मग तोंड उघडून सांगायचं ना, की त्याचे पाय दुखतात म्हणून बसला तो!"

"सांगितलं. साहेब म्हणाले, आरोपीसुद्धा असंच म्हणत होती."

बायकोनं खोळ खाली टाकली. तिचे डोळे भरून आले होते. ती रागावली की तिचे डोळे भरतात, हे हवालदाराला माहीत होतं, पण या वेळी ती नुसती रागावलेली नव्हती. रोज संध्याकाळी ठाण्याच्या मागच्या पिंजऱ्यात शहाण्याला सोडून नवरा एकटा घरी येतो आणि ती गादी रिकामी दिसते, हे तिला सहन होत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले आणि व्यवहाराचं बोलायला लागली.

"असं करा. त्याला अशा जागी न्या जिथं कुणाकडे काही नसतं. साध्या, सरळ माणसांत. बसू दे त्याला तिथं. काही निघालं नाही की आपोआप म्हणतील, कुत्रा बिघडला."

कल्पना चांगली होती. फक्त साधी, सरळ माणसं कुठं असतात, एवढाच प्रश्न होता.

हवालदारानं आधी बाग निवडली. सकाळी तिथं निवृत्त मंडळी फिरायला येतात. शहाण्या दुसऱ्याच फेरीला दमला आणि एका माजी मुख्याध्यापकांसमोर कलून बसला. मुख्याध्यापक सपत्नीक होते, सज्जन होते, त्यांनी आयुष्यात दुसऱ्याचा खडूसुद्धा खिशात घातला नव्हता. हवालदाराचा जीव भांड्यात पडला. मुख्याध्यापकांनी मात्र टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"टोपी काढा सर," सोबतचा शिपाई म्हणाला.

"थंडी आहे."

"ऊन पडलंय सर."

टोपीत कागदात गुंडाळलेला केकचा मोठा तुकडा होता. वर साखरेचा पांढरा थर.

"साखर वाढलीय म्हणून सहा महिने मी ह्यांना उकडलेलं घालतेय!" बाई कडाडल्या. "आणि रोज म्हणतात, फिरल्यानं बघ कसं प्रसन्न वाटतं!"

हवालदार मनात खूश होता. अमली पदार्थ काही नाही, म्हणजे शहाण्या चुकला. त्यानं तसं साहेबांना सांगितलंही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "लपवलेला होता ना?"

"हो साहेब."

"पांढरा होता ना?"

"साखर होती साहेब."

"पांढरा होता की नाही, एवढंच सांगा."

यशस्वी कारवाईत भर पडली. मुख्याध्यापकांच्या पत्नीनं ठाण्याला फुलं पाठवली.

मग वाचनालय झालं. तिथं शहाण्या एका गंभीर चेहऱ्याच्या वाचकासमोर बसला आणि त्याच्या सदऱ्यात संदर्भग्रंथातली फाडलेली पानं निघाली. मग एका कार्यालयाच्या दारात बसला, तर बाहेर पडणाऱ्या बड्या बाबूंच्या डब्यात कार्यालयाचे दिवे निघाले, कागदात नीट गुंडाळलेले. मग बसथांब्यावर एक नवरा सापडला, ज्यानं वर्षापूर्वी सिगारेट सोडली होती, निदान घरी तरी. दमलेला कुत्रा जिथं बसेल तिथं कुणीतरी दचकत होतं आणि खिसा दाबत होतं. माणसांच्या खिशात इतकं काय काय असतं, हे हवालदाराला तोवर माहीत नव्हतं. तो स्वतःच्या खिशात फक्त चेंडू ठेवायचा.

"चेंडू द्या त्याला," फोटोवाला आला की साहेब म्हणायचे. "फोटो चांगला येईल."

"नाही साहेब. खरा माल सापडल्याशिवाय देत नाही."

"मग हे काय खोटं आहे?"

हवालदार शहाण्याचा पट्टा सावरायचा. चेंडू मात्र खिशातून बाहेर यायचा नाही.

शेवटी एकदाचा तो माणूस भेटला. दवाखान्याच्या दारात शहाण्या त्याच्यासमोर बसला आणि त्याच्याजवळ काहीसुद्धा निघालं नाही. पिशवी नाही, पाकीट नाही, रुमालसुद्धा नाही. हवालदाराला त्याला मिठी मारावीशी वाटली. धावतच तो साहेबांकडे गेला. "साहेब, काही नाही! काहीच नाही निघालं! चुकला शहाण्या!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "काही नाही निघालं, म्हणजे आधी होतं. माल गेला, वास उरला. त्याला बसवून ठेवा आणि विचारा, कुठं ठेवलास."

त्या माणसाला बसवून ठेवलं. दुपारपर्यंत त्याला स्वतःलाच शंका यायला लागली, की आपल्याजवळ खरंच काहीतरी होतं आणि आपण ते कुठंतरी विसरलो. संध्याकाळी जाताना तो सगळ्यांची क्षमा मागून गेला.

म्हणजे काही निघालं तरी कुत्रा बरोबर आणि नाही निघालं तरी कुत्रा बरोबर. हवालदारानं कपाळाला हात लावला. तिकडे गाव बदलत चाललं होतं. लोक घराबाहेर पडण्याआधी खिसे झटकून बघत. वाचनालयात वर्षांपूर्वी नेलेली पुस्तकं गुपचूप परत येऊन पडत. शहाण्या लांबून दिसला की अख्खा रस्ता समोरच्या फुटपाथवर जायचा, आणि समोरच्या फुटपाथवर जाणं हाही वाजवी संशय आहे, असं साहेबांनी जाहीर केल्यापासून लोक जागच्या जागी उभे राहून आभाळाकडे बघत. माल विकणारे तेवढे निवांत होते. कुत्रा रोज बागेत आणि वाचनालयात असतो, हे त्यांना कळलं होतं.

हवालदारानं मग सरळ मार्ग धरला. त्यानं खात्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं, की या कुत्र्याचे सांधे झिजले आहेत, तो वेदनेमुळे बसतो, त्याच्या बसण्याला काहीही अर्थ नाही. साहेबांनी कागद वाचला.

"म्हणजे तो धावू शकत नाही?"

"नाही साहेब."

"बसू शकतो?"

"बसतोच साहेब. सारखा बसतो."

"मग अडचण काय आहे? कायद्यात धावणं कुठं लिहिलंय? आपल्याला बसणाराच कुत्रा हवाय." त्यांनी कागद टेबलाच्या खणात टाकला. "आणि ऐका. पुढच्या आठवड्यात मुख्यालयातून पाहुणे येतायत. नगर सभागृहात मोठा कार्यक्रम ठेवलाय. सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक. माझ्या बढतीचं त्यावर आहे. शहाण्याचं काम पाहून ते ही योजना सगळीकडे नेणार आहेत. अजून निदान तीन वर्षं त्याला मरण नाही."

शेवटचं वाक्य साहेबांनी कौतुकानं उच्चारलं होतं. पण तीन वर्षं शहाण्याजवळ नव्हतीच. जी काय एक-दोन होती ती त्यानं जिन्यांवर घालवायची की खिडकीखाली उन्हात, एवढाच प्रश्न होता.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "साहेबांचं भाषण लांबतं ना?"

"लांबतं म्हणजे काय! मागच्या वेळी पंखा बंद पडला, दुरुस्त झाला, तरी चालू होतं."

"मग सकाळी त्याला पायी न्या. मागच्या रस्त्यानं. व्यासपीठासमोर उभं करा. भाषण संपायच्या आत तो दमणार, दमला की बसणार. आणि बसणार कुणासमोर?"

हवालदार तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, माझी नोकरी जाईल!"

"साहेबांपुढं बसला की दोन मिनिटांत कुत्रा बिघडलेला ठरतो की नाही बघा. आपल्यापर्यंत आलं की सगळ्यांना सगळं कळतं."

"आणि त्यांनी मलाच घरी बसवलं तर?"

"गादी मोठी शिवलीय," बायको म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी हवालदार लवकर ठाण्यात गेला. शहाण्याला थकवायचं या विचारानंच त्याला वाईट वाटत होतं. पिंजऱ्याजवळ पाहतो तर डॉक्टर सुई गुंडाळून ठेवत होते.

"साहेबांनीच बोलावलं," डॉक्टर म्हणाले. "म्हणाले, आज डौलात चालला पाहिजे. चांगलं जालीम इंजेक्शन दिलंय. आज दिवसभर त्याला पाय आहेत हेसुद्धा जाणवणार नाही."

शहाण्या पिंजऱ्यातून बाहेर आला तो उड्या मारतच. त्यानं हवालदाराला ओढत ओढत सभागृहापर्यंत नेलं. मागचा रस्ता, पुढचा रस्ता, दोन्ही झाले, पण दमायचं नाव नाही. उलट हवालदाराचाच श्वास फुलला. कुत्र्याला इतकं मोकळं चालताना पाहून त्याला भरून आलं आणि आपला बेत फसला म्हणून रडूही आलं. ही दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याचा चेहरा अभिमानानं फुललाय, असं फोटोवाल्याला वाटलं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मुख्यालयातले पाहुणे. त्यांच्या शेजारी मावशी, कारण 'सहकार्य करणारी नागरिक' म्हणून तिचा गौरव होणार होता. ती आली होती भोपळ्यासाठी. मागे दाराशी हवालदाराची बायको उभी होती.

साहेबांनी भाषण केलं. शहाण्या पूर्ण वेळ उभा. साहेबांनी कायद्याचा इतिहास सांगितला, शहाण्या उभा. "कुत्रा चुकत नाही, माणूस चुकतो," असं साहेब तीनतीनदा म्हणाले, तरी शहाण्या उभाच. दाराशी बायकोनं डोळे मिटून घेतले.

मग प्रात्यक्षिक. व्यासपीठाखाली शिपायांची रांग उभी केली होती, त्यातल्या एकाच्या खिशात खात्यानं तालमीसाठी ठेवलेली पुडी होती. साहेब खाली उतरले आणि रांगेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. "सोडा त्याला," ते म्हणाले.

शहाण्या निघाला. रांगेपर्यंत तो गेलाच नाही. साहेबांच्या बाजूनं जाताना एकदम थबकला. दोन्ही कान ताठ झाले. शेपूट काठीसारखी सरळ झाली. त्यानं साहेबांच्या कोटाच्या डाव्या खिशापाशी नाक नेलं, एक शिंक दिली, आणि छाती पुढे काढून, तालमीतल्या जवानासारखा, सरळ बसला.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"हवालदार," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "उठवा त्याला."

हवालदार सावधान उभा राहिला. "साहेब, पट्टा ओढायचा नाही असं आपणच... पुराव्याला..."

"झडती घ्या की," पहिल्या रांगेतून मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मध्ये कुठं बोलतेय? कुत्रा बसला की झडती, असंच आहे ना ते? माझा तर भोपळा चिरला होता साहेब, भर रस्त्यात. खिसा काय, नुसता उलटा करायचा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. टोपीवाले मुख्याध्यापक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, त्यांना पत्नीनं खाली ओढलं नाही. साहेबांचा डावा हात खिशावर होता. तो हात तिथं कधी गेला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"हा कुत्रा चुकलाय," साहेब म्हणाले.

"कुत्रा चुकत नाही," सभागृहातून निदान पन्नास माणसं एका सुरात म्हणाली. इतका वेळ त्यांनी तेच ऐकलं होतं.

"म्हातारा झालाय तो! आजारी आहे! डॉक्टरांनी केव्हाच लिहून दिलंय, सांधे झिजलेत, त्याच्या बसण्याला काही अर्थ नाही! माझ्या टेबलाच्या खणात कागद आहे! कुणीतरी जाऊन आणा रे तो!" साहेबांना घाम फुटला होता. "अशा आजारी जनावराला कामाला जुंपणं ही क्रूरता आहे! हवालदार, लाज नाही वाटत तुम्हाला? हा कुत्रा आत्ता, या क्षणापासून निवृत्त. घेऊन जा घरी!"

"साहेब, आजच?"

"आत्ता!"

"आणि झडती?"

"झडती कुत्र्यानं सांगितल्यावर घेतात. हा आता कुत्राच नाही. म्हणजे खात्याचा नाही. जा!"

मुख्यालयातले पाहुणे इतका वेळ छताकडे बघत होते. छत चांगलं आहे, असं त्यातले एक म्हणाले. दुसऱ्यांनी मान डोलावली आणि मंडळी चहाला उठली. कायद्यात एक बारीकशी दुरुस्ती त्यांनी चहाबरोबरच करून टाकली: यापुढे कुत्रा गणवेशातल्या व्यक्तीजवळून नेऊ नये, त्यानं कुत्र्याचा गोंधळ उडतो.

हवालदार पट्टा धरून बाहेर आला, तेव्हा मावशी पायऱ्यांवर कठड्याला धरून उभी होती. तिनं आधी शहाण्याच्या मागच्या पायांकडे पाहिलं, मग हवालदाराकडे.

"आज छान बसला हो," ती म्हणाली.

"मावशी, तुमचा भोपळा... कोठी उघडवत नाही आता. वास मारतोय."

"राहू दे," मावशी म्हणाली. "वसूल झाला." आणि एकेक पायरी सांभाळत उतरायला लागली.

संध्याकाळी शहाण्या खिडकीखालच्या गादीवर पडला होता. इंजेक्शन उतरत आलं होतं, तो सुस्कारे टाकत होता, पण उठून कुठं जायचं नव्हतं. बायको त्याच्याजवळ जमिनीवर बसून त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. त्यांना ती म्हणाली होती, "आई, आला एकदाचा." त्यावर त्या म्हणाल्या, "आता मीही येते राहायला. तळमजला आहे ना?"

"शेवटी बरं झालं," बायको नवऱ्याला म्हणाली. "आयत्या वेळी चुकला, पण योग्य माणसापुढं चुकला. इंजेक्शन दिलं म्हणालात तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. मग पाय दुखायला लागले का हो त्याचे मध्येच?"

 हवालदार गणवेशाची बटणं काढत होता. मग त्यानं खिशात हात घातला, तो जुना, चपटा झालेला पिवळा चेंडू बाहेर काढला, गुडघे टेकून खाली बसला आणि चेंडू शहाण्याच्या तोंडाशी धरला.

शहाण्यानं तो अलगद दातांत घेतला आणि डोळे मिटले.

बायकोचा फिरता हात थांबला. तिनं चेंडूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा चेंडूकडे पाहिलं.

मग ती उठली, जाऊन बाहेरचं दार लावलं, खिडकीही लावली, आणि येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, किती होतं?"

"मला काय विचारतेस," हवालदार म्हणाला. "त्याला विचार. तो आता निवृत्त आहे, बोलला तरी चालेल."